खाखा सुटते, तेव्हा डॉक्टरांनी एक प्रश्न विचारावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत दोन आठवड्यांपूर्वी वजन घटवण्याविषयीचा लेख आला होता. तो मी दोनदा वाचला. साखर, तेल, चालणं, झोप याबद्दलची त्यातली माहिती बरोबर आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण शेवटी लेखकाने असं म्हटलंय, की मनाचा निर्धार असेल तर जिभेवर ताबा मिळतोच, आणि ज्यांना तो मिळवता येत नाही त्यांनी औषधांना आणि डॉक्टरांना दोष देऊ नये. तिथे मी थांबले. पुरवणी घडी करून ठेवली, स्वयंपाकाला लागले, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून हे पत्र. लांबलं तर माफ करा, पण यातलं काही गाळून मला सांगता येणार नाही.

मी कराडजवळच्या एका गावात पतसंस्थेत रोखपाल आहे. वय ४८. बावीस वर्षं नोटा मोजते आहे. संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय आमच्या शाखेचं शटर खाली येत नाही, आणि एवढ्या वर्षांत माझ्या हातून फरक राहिला तो दोनदा, दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सापडला. सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हापासून त्यांचं अंथरूण, औषधं, मालिश मीच बघते. शिस्त आणि निर्धार म्हणजे काय हे मला माहीत नाही असं कुणी म्हणू नये. तरीसुद्धा सहा वर्षं मी रात्री अकरानंतर माझ्याच स्वयंपाकघरात चोरासारखी उभी राहून खात होते, आणि मला थांबता येत नव्हतं.

घरातले झोपले की मी ओट्यापाशी जायचे. दिवा लावायचा नाही. फ्रिजचं दार किलकिलं ठेवलं की तेवढा उजेड पुरतो. स्टीलच्या डब्याचं झाकण एका बाजूने अंगठ्याने दाबून धरायचं आणि दुसरी बाजू हळूच उचलायची, म्हणजे आवाज होत नाही. आधी एक लाडू. मग फरसाणाचा पुडा. मग सकाळची उरलेली भाकरी, तिच्यावर शेंगदाण्याची चटणी आणि तूप. मग पुन्हा गोड. मग थंड भात, पातेल्यातूनच, हाताने. भूक नसायचीच. चवही तीन-चार घासांनंतर कळेनाशी व्हायची. हात चालतोय, तोंड चालतंय आणि मी ते लांबून बघतेय, असं वाटायचं. पोट तडतडायला लागलं, वाकता येईना, की थांबायचे. मग उरलेले लाडू असे रचायचे, की वरून बघणाऱ्याला डबा भरलेला दिसावा. ओटा पुसायचा, पुडा घडी करून पर्समध्ये टाकायचा, सकाळी शाखेजवळच्या कचराकुंडीत. अंथरुणावर पडले की छाती धडधडायची आणि मी देवाला सांगायचे, उद्यापासून नाही. आठवड्यातल्या चार-पाच रात्री अशा जायच्या.

आपल्या भाषेत याला शब्द आहेत. खाखा सुटली म्हणतात, वखवख म्हणतात. खाणाऱ्याला अधाशी, हावरट, बकासुर म्हणतात. सगळे शब्द टोचायचे आहेत. डॉक्टरकडे जाऊन ‘मला हे होतं’ असं सांगण्यासाठीचा शब्द मला सहा वर्षं सापडला नाही.

एक गोष्ट सांगणं मला सगळ्यात जड जातंय, पण ती सांगितल्याशिवाय या पत्राला अर्थ नाही. २०२१ च्या दिवाळीत मुलगा पुण्याहून आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने विचारलं, ‘आई, बेसनाचे लाडू संपले?’ मी पटकन बोलून गेले, की कामाला येणाऱ्या ताईंना दिले. सासूबाई पलंगावरून ऐकत होत्या. त्यांच्या मनात पुढे त्याचं काहीतरी वेगळंच झालं. डब्यातलं कमी होतंय, ताकातलं लोणी कमी होतंय, शेंगदाणे कमी होतायत, हे त्यांच्या लक्षात येत होतंच. त्यांनी ताईंना स्वयंपाकघरात यायला बंदी केली. भांडी मागच्या दारी मोरीत घासायची, आत यायचं नाही. आणि मी ते होऊ दिलं. जवळजवळ दीड वर्ष ती बाई थंडीत बाहेर बसून भांडी घासत होती, माझ्या खोट्यापायी. बरी व्हायला लागल्यावर मी पहिल्यांदा जे केलं ते हे, की त्यांना आत बसवून खरं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘मला वाटलं, तुम्ही माझ्यावर नजर ठेवताय.’ एवढंच. लोक या खाण्याला चैन समजतात. मी एवढंच सांगते, की चैनीसाठी कुणी दुसऱ्याच्या अंगावर चोरीचा आळ येऊ देत नाही.

हे सुरू कसं झालं तेही सांगते, कारण तुमच्या पुरवणीतल्या आहाराच्या तक्त्यांशी त्याचा संबंध आहे. २०१७ मध्ये माझी साखर थोडी वर निघाली. वजन ६८, उंची पाच फूट दोन इंच. एका डॉक्टरांनी छापील कागद दिला: सकाळी पोहे-उपमा बंद, रात्री भात बंद, गोड पूर्ण वर्ज्य, दोन जेवणांच्या मध्ये काही नाही. मी तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि शब्दशः पाळला. चार महिन्यांत नऊ किलो उतरले. शाखेत सगळे विचारायचे, काय केलंत. त्याच वर्षी गौरी जेवल्या त्या रात्री मी आवराआवर करताना एक करंजी तोंडात टाकली, आणि चौदा खाल्ल्या. चार महिने एक कणही गोड खाल्लेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून काहीच खाल्लं नाही. त्या रात्री पुन्हा. मग मी सोमवार धरले, संकष्टी होतीच, पुढे नवरात्राचे नऊ दिवस. माझी भक्ती खोटी नव्हती, पण उपवासाच्या आडून मी वजनाचा हिशेब करत होते हेही खरं. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे आपल्याकडे हसण्यावारी म्हणतात. मला आता ते साध्या निरीक्षणासारखं वाटतं. शरीराला दिवसभर कोंडलं की ते रात्री सुटतं.

हे नुसतं म्हणीत नाही, ते तपासलेलंही आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले हे तरुण स्वखुशीने आले होते. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, वजन सुमारे पाव हिश्शाने घटलं. ते सगळा दिवस अन्नाचाच विचार करू लागले. आणि पुन्हा पोटभर जेवण मिळू लागल्यावर त्यांच्यातल्या काहींना खाणं आवरेनासं झालं, पोट गच्च भरलं तरी भूक शमेना. शरीराने धडधाकट, मनाने भक्कम म्हणून निवडलेली ती मुलं होती. त्यांच्या निर्धारात काही कमी होतं असं कोण म्हणेल?

माझं वजन २०२३ पर्यंत ७८ झालं. संस्थेने कर्मचाऱ्यांसाठी ठेवलेल्या तपासणीचा तो कागद माझ्यापाशी अजून आहे. कंबर ९८ सेंटिमीटर. रक्तदाब १४८/९४. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, २८६. चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते एचडीएल ३६. उपाशीपोटी साखर ११४, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीए१सी ६.३. सोनोग्राफीत यकृतावर चरबी. मेटाबॉलिक सिंड्रोम ठरवताना पाच गोष्टी बघतात: कंबर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड, एचडीएल आणि उपाशीपोटीची साखर. यातल्या तीन बिघडल्या की तो आहे म्हणायचं. माझ्या पाचही बिघडलेल्या होत्या. या पाचांची मोट बांधली गेली, की मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात तिघांचाही धोका वाढतो. सासूबाईंचा वाकडा झालेला हात रोज माझ्या डोळ्यांसमोर होता. तो कागद पाहून त्या रात्रीसुद्धा मी खाल्लं.

तपासणारे डॉक्टर कागदावरून नजर न उचलता म्हणाले, ‘तोंडावर ताबा ठेवा.’ त्यानंतरच्या दुसऱ्या डॉक्टरांनी आधीपेक्षा कडक तक्ता दिला. दोघांनीही काय खाता हे विचारलं. कसं खाता, हे विचारलं नाही. मी त्यांना भाकरी, भाजी, ताक सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं, कारण दिवसा मी तेवढंच खात होते.

छातीतली धडधड वाढली म्हणून शेवटी हृदयरोगाच्या ओपीडीत गेले. ईसीजी नीट, टूडी इको नीट. तिथल्या तरुण डॉक्टर मुलीने माझे सगळे जुने कागद तारखेप्रमाणे लावले, वजन कधी उतरलं, कधी चढलं ते बघितलं, आणि माझ्या नवऱ्याला जरा बाहेर बसायला सांगून विचारलं, ‘काकू, असं होतं का की एकदा खायला सुरुवात केली की थांबवताच येत नाही? एकट्या असताना?’ मी हो म्हणायच्या आधी रडायलाच लागले. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाली, ‘याला नाव आहे. आणि उपचार आहे.’

एका प्रश्नाला अर्धं मिनिट लागलं. त्या अर्ध्या मिनिटाची मी सहा वर्षं वाट बघत होते.

त्या आजाराचं नाव बिंज ईटिंग डिसऑर्डर. मराठीत मी त्याला अनावर खाणं म्हणते. १९५९ मध्ये अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी ते पहिल्यांदा नोंदवलं, पण मानसोपचारातल्या प्रमाण सूचीत, डीएसएमच्या पाचव्या आवृत्तीत, स्वतंत्र आजार म्हणून त्याला जागा मिळायला २०१३ उजाडलं. खूण अशी: साधारण दोन तासांच्या आत, त्या वेळी बहुतेक माणसं खातील त्याहून स्पष्टपणे जास्त खाल्लं जातं आणि खाताना ताबा सुटल्याचं जाणवतं. घाईघाईने खाणं, पोट दुखेपर्यंत खाणं, भूक नसताना खाणं, लाजेने एकट्याने खाणं, नंतर स्वतःची किळस येणं, यातलं किमान तीन असतं. आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने. त्यानंतर उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं असं काही नियमाने होत नाही. ते होत असेल तर आजार वेगळा, बुलिमिया. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात तर किती खाल्लं याला कमी महत्त्व आहे, ताबा सुटल्याची भावना हीच मुख्य खूण धरली आहे. मला हे फार पटतं. काही रात्री मी चारच पोळ्या खाल्ल्या असतील, पण त्या चारही माझ्या हातात नव्हत्या.

हा आजार बायकांचाच आहे असंही नाही. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत आयुष्यात कधीतरी हा आजार झालेल्या बायका ३.५ टक्के आणि पुरुष २ टक्के निघाले. पुरुषांचं खाणं आपल्याकडे कौतुकात जिरून जातं. ताटभर जेवणारा गडी म्हणजे मर्द गडी, त्याला कोण विचारणार?

आता हे खाणं रक्तात आणि हृदयात काय करतं, ते त्या डॉक्टरांनी मला सांगितलं तसं सांगते. रात्री शरीराची साखर हाताळण्याची ताकद सकाळपेक्षा कमी असते. नेमक्या त्याच वेळी गोड, पीठ आणि तूप-तेल एकदम, ढिगाने येऊन पडतं. स्वादुपिंडाला इन्सुलिनचा पूर सोडावा लागतो. जादाचं यकृताकडे जातं, यकृत त्याची चरबी करतं, काही स्वतःत साठवतं, काही ट्रायग्लिसराइडच्या रूपाने रक्तात सोडतं. फरसाणातलं मीठ रक्तदाबाला हातभार लावतं. झोप मोडते, आणि अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी भूक आणखी वाढते. सकाळी अपराधीपणाने नाश्ता टाळला जातो, म्हणजे रात्रीची तयारी सकाळीच सुरू होते. वर्षानुवर्षं हे चाललं की कंबर वाढते, आणि पोटातल्या अवयवांभोवती साठणारी ही चरबी हृदयाला सगळ्यात वाईट.

वजन हा यातला मोठा दुवा आहे, पण एकटा नाही. अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मेरियन टॅनॉफ्स्की-क्राफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांचा वर्षानुवर्षं माग काढला. खाताना ताबा सुटतो असं सांगणाऱ्या मुलांचं वजन इतर मुलांपेक्षा वर्षाला सरासरी २.४ किलोने जास्त वाढत गेलं. २०१२ साली त्यांनी पाच ते बारा वयाच्या १८० मुलांची पाहणी मांडली. ही सगळी पुढे लठ्ठ होण्याचा धोका असलेली मुलं होती. ज्यांनी सुरुवातीला असं खाणं सांगितलं होतं, त्यांच्यात सुमारे पाच वर्षांनी मेटाबॉलिक सिंड्रोम आढळण्याची शक्यता इतरांच्या पाचपट निघाली. आणि वजनातली वाढ हिशेबात धरून बाजूला काढली, तरी ट्रायग्लिसराइड त्यांच्यातच जास्त वाढलेले दिसले. पाच वर्षांच्या मुलाला कुणी म्हणावं का, की तुझा निर्धार कमी पडला?

आणि नुसता वजनकाटा बघणाऱ्यांसाठी आपल्या पुण्याचंच उदाहरण आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच दाखला दिला होता. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एक, २२.३. पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय आतून चरबीचा असू शकतो, हे त्यांनी जगाला समजावलं. मग बारीक दिसणारी एखादी मुलगी होस्टेलच्या खोलीत रात्री दार लावून असं खात असेल, तर तिला कोण विचारणार? २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, पाहणीने देशात १० कोटींवर मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक सांगितले. त्या उंबरठ्यावर मीही उभी आहे. माझ्यासारखं खाणारे त्यात किती, याची विचारपूस दवाखान्याच्या टेबलावर होतच नाही.

उपचारांबद्दल सांगते, कारण लोकांना वाटतं मानसोपचार म्हणजे गोळ्या आणि झोप. मला मिळाले ते बोधात्मक वर्तनोपचार (सीबीटी), म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याचे उपचार, ज्यांची या आजारासाठीची पद्धत मुख्यतः ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी घडवली. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१७ मध्ये प्रौढांसाठी पहिला उपचार म्हणून हाच सांगितला, आणि तोही आधी मार्गदर्शनाखाली घरच्या घरी करायच्या रूपात. पंधरा दिवसांतून एकदा समुपदेशक बाईंशी भेट, बाकी सगळं वहीत.

त्यांनी वही ठेवायला सांगितली तेव्हा मला हायसं वाटलं. वही मला येते. मी शाखेतली जुनी, लाल कापडी पुठ्ठ्याची रोजकीर्द घेतली आणि रकाने पाडले: वेळ, काय, कुठे, कोण बरोबर, त्या आधी काय झालं. ताबा सुटला तिथे चांदणी. नियम एकच, खाल्ल्याबरोबर लिहायचं, सकाळी आठवून नाही, आणि खोटं लिहायचं नाही. दोन महिन्यांत ३१ चांदण्या पडल्या. बाईंनी मलाच वही चाळायला लावली. ३१ पैकी २६ चांदण्या अशा दिवशी, ज्या दिवशी सकाळच्या चहानंतर दुपारी तीनपर्यंत माझ्या पोटात काही नव्हतं. उरलेल्या बहुतेक सासूबाईंची रात्र वाईट गेली त्या दिवशी. बावीस वर्षं लोकांच्या खात्यातला फरक शोधणारी मी, आपल्या पोटाचा फरक मला पहिल्यांदा दिसला.

मग ताट परत भरलं. सकाळी नऊला पोहे किंवा थालीपीठ. एकला डबा. साडेचारला चहाबरोबर मूठभर फुटाणे. रात्री आठला जेवण, भातासकट. चार तासांहून जास्त अंतर कुठे पडू द्यायचं नाही, भूक असो नसो. वजन आठवड्यातून एकदाच. उपवास बंद. मला वाटलं होतं दहा किलो वाढतील. पहिल्यांदा भात वाढून घेतला त्या रात्री माझा हात थरथरत होता. पण त्या रात्री मी ओट्यापाशी गेले नाही.

खोटी आशा कुणाला दाखवायची नाही म्हणून आकडे देते. दीड वर्ष झालं. गेल्या तीन महिन्यांत एकच चांदणी आहे. वजन ७८ वरून ७४. फक्त चार किलो. ‘नाइस’च्या मार्गदर्शनातही स्पष्ट लिहिलंय, की या उपचाराने खाण्याचे झटके थांबतात, वजनावर फारसा परिणाम होत नाही, आणि ते रुग्णाला आधीच सांगावं. मला सांगितलं होतं. ट्रायग्लिसराइड २८६ वरून १६८, एचबीए१सी ५.८, रक्तदाब गोळीवर १२८/८२. गोळ्या चालू आहेत, चालणं चालू आहे, आणि कोणत्या आकड्याचं श्रेय कशाला हे मी वाटून देऊ शकत नाही. पण आधी त्याच गोळ्या चालू असताना आकडे हलत नव्हते, हे माझ्या कागदांवर आहे.

माझी धाकटी बहीण दिवाळीत मुलीला घेऊन आली होती. भाची बारा वर्षांची. तिच्या गादीची चादर बदलताना गादीखालून बिस्किटांचे अकरा रिकामे पुडे निघाले, प्रत्येक घडी करून चौकोनी केलेला. मी तशीच खाली बसले. ती घडी माझी होती. घरात तिचं कौतुकही होतं आणि टोमणेही होते, एकाच दिवशी, एकाच आजीकडून: सकाळी ‘खा गं, वाढतं वय आहे’ आणि संध्याकाळी ‘किती ते खाणं, लग्न कसं व्हायचं’. बहीण तिला जिममध्ये घालायच्या विचारात होती, आणि मोबाइलवर कुणाचा तरी ‘दहा दिवसांत पाच किलो’वाला तक्ता होता. मी भाचीजवळ बसून फक्त विचारलं, ‘थांबता येत नाही का गं कधीकधी?’ तिने मान हलवली. मग मी तिला माझी लाल वही दाखवली. चांदण्यांसकट. आता ती पुण्यात समुपदेशकांकडे जाते.

म्हणून आपल्याकडे आणि आपल्या वाचकांतल्या डॉक्टरांकडे मागणं आहे. वजन, साखर, रक्तदाब यासाठी आलेल्या माणसाला आहाराचा कागद देण्याआधी, घरच्यांना क्षणभर बाहेर पाठवून, तो प्रश्न विचारा. उत्तर हो आलं तर कडक तक्ता देऊ नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. वजन घटवण्याची शस्त्रक्रिया किंवा हल्लीची इंजेक्शनं ठरवण्याआधी तर विचाराच. शस्त्रक्रियेनंतर ज्यांचा खाण्यावरचा ताबा सुटत राहतो, त्यांचं वजन कमी उतरतं आणि पुन्हा वाढतं, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. शाळांत मुलांचं वजन-उंची मोजणाऱ्यांनी मुलांना चारचौघांत जाड म्हणू नये. आणि आपल्या पुरवणीने ‘इतक्या दिवसांत इतके किलो’ असे मथळे देणं थांबवावं. तो मथळा वाचून उपाशी राहणारी एखादी बाई त्याच रात्री डब्याचं झाकण अंगठ्याने दाबून उचलते आहे, असं समजून लिहावं. त्या मथळ्याच्या जागी टेलीमानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेचा १४४१६ हा क्रमांक छापता येईल. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, चेहरा दाखवावा लागत नाही.

पत्र छापलंत तर एक विनंती. माझं नाव आणि गाव आपल्याकडे दिलं आहे, ते छापू नये. मला लाज वाटते म्हणून नाही. घरी, शाखेत, आणि कामाला येणाऱ्या ताईंनाही मी सगळं सांगितलेलं आहे. पण आमच्या भागात नावावरून माणसं भाचीपर्यंत पोचतील, आणि ती अजून सातवीत आहे. तिने कुणाला सांगायचं ते तिचं ती ठरवेल.

कळावे.

आपली,
एक वाचक, कराड तालुका